कोल्हापुरात जन्मलेला वाटसरू : रॉबर्ट वायल्डर यांचे चरित्र

कोल्हापूरचा कोणता तरुण विलायतेस गेला, असे विचारिले असता जाणते लोक राजाराम महाराजांचे नाव घेतात. महाराज १८७० साली युरोपखंड पाहावयास गेले. इंग्लंड पाहून परतीच्या वाटेवर असता इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर रोजी अवघ्या विसाव्या वर्षी निवर्तले. आणि तेथे आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक उभारले गेले. ही हकीकत कोल्हापुरात पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु महाराज ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी कोल्हापुरातील मिशनच्या बंगल्यात सात वर्षांचा एक अमेरिकन मुलगा वाढत होता. त्याचा जन्म ह्याच शहरी २ ऑगस्ट १८६३ रोजी झाला होता. तोही पुढे युरोपखंड फिरला. मात्र देश पाहण्याकरिता नव्हे, तर आपल्या वयाच्या तरुणांस एक प्रश्न विचारण्याकरिता. त्याचे नाव रॉबर्ट पार्मेली वायल्डर. विद्यार्थ्यांच्या मिशनकार्याचा इतिहास लिहिणारे सर्व देशांचे लेखक हे नाव आदराने घेतात. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस मात्र ते फारसे ठाऊक नाही. म्हणून आम्ही हे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रॉबर्टचे वडील रेव्हरंड रॉयल गोल्ड वायल्डर हे १८४६ साली आपल्या पत्नीसह ह्या देशी आले. आरंभी ते अहमदनगरास होते. १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरास आले, तेव्हा ह्या संस्थानात ख्रिस्ती मंडळी अशी नव्हतीच. लोकांचा विरोध पुष्कळ होता. तशात काही वर्षांनी ज्या मिशनसंस्थेने त्यांस पाठविले होते तिच्याशीच त्यांचा मतभेद झाला. शाळांवर किती भर द्यावा व उपदेशावर किती, हा वादाचा एक मुख्य विषय होता. संस्थेने कोल्हापूरचे काम बंद केले. वायल्डर साहेबांनी केले नाही. अमेरिकेस गेलेले ते गृहस्थ १८६१ साली कोणत्याही संस्थेच्या आधारावाचून, मित्रांच्या मदतीवर, पुन्हा कोल्हापुरास येऊन राहिले. पुढे १८७० साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने ते काम आपल्याकडे घेतले. आज कोल्हापुरात वायल्डर ह्या नावाचे जे उपासनामंदिर आहे, ते ह्या कुटुंबाची आठवण करून देते.

अशा घरात रॉबर्ट व त्याची वडील बहीण ग्रेस ही वाढली. कोल्हापूरच्या रस्त्यावरील मराठी त्यांच्या कानी बालपणापासून पडत होती. वडिलांची प्रकृती ढासळल्यामुळे १८७० नंतरच्या त्या दशकात सर्व कुटुंब अमेरिकेस परतले व प्रिन्सटन नावाच्या विद्यापीठाच्या गावी राहू लागले. तेथे वडिलांनी १८७८ साली मिशनकार्याची बातमी देणारे एक मासिक काढिले. घर अमेरिकेत होते, परंतु घरातील बोलणे बहुधा हिंदुस्थानचेच असे. आपण शिकून परत जावयाचे, हे दोघाही भावंडांनी मनाशी धरिले होते.

१८८३ सालच्या शरदृतूत रॉबर्ट आपल्या काही सोबत्यांसह हार्टफर्ड शहरी भरलेल्या धर्मविद्यार्थ्यांच्या परिषदेस गेला. तेथून ते तरुण नव्या उत्साहाने परतले व त्यांनी प्रिन्सटन कॉलेजात एक लहानशी मिशनमंडळी स्थापिली. देवाची इच्छा असल्यास परदेशी मिशनरी होण्यास आपण राजी व उत्सुक आहो, अशा अर्थाच्या कागदावर सभासद सही करीत. आदितवारी दोन प्रहरी ही मंडळी वायल्डर साहेबांच्या घरी जमे. एका खोलीत हे तरुण बोलत व प्रार्थना करीत. आणि बाजूच्या खोलीत ग्रेस त्यांच्याकरिता एकटी प्रार्थना करीत असे. वाचकांनी ही बाजूची खोली ध्यानात ठेवावी. कारण पुढे जे जे घडले त्याचा उगम पुष्कळ अंशी तेथेच आहे.

१८८६ सालच्या उन्हाळ्यात प्रसिद्ध उपदेशक मूडी ह्यांनी मॅसॅच्युसेट्स प्रांतात माऊंट हर्मन नावाच्या शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांचा मेळावा भरविला. निरनिराळ्या कॉलेजांतून २५१ तरुण आले. ते सुमारे चार आठवडे तेथे पवित्र शास्त्राचा अभ्यास करीत राहिले. आरंभी परदेशी सेवेस जाण्याचा विचार केलेले फार तर वीसएक होते. रॉबर्ट निघण्यापूर्वी ग्रेसने त्यास सांगितले होते की, ह्या मेळाव्यातून शंभर तरुण सेवेस सिद्ध व्हावे असे मी प्रभूजवळ मागत आहे व तसे होईल असा माझा विश्वास आहे. रॉबर्ट एकेका तरुणास बाजूस घेऊन बोले. दहा देशांची सभा म्हणून एका संध्याकाळी निरनिराळ्या देशांच्या वतीने दहा जण थोडथोडे बोलले. त्यानंतर तरुण दोघे दोघे, तिघे तिघे रानात जाऊन प्रार्थना करू लागले. मेळावा संपावयास आला तेव्हा नव्व्याण्णव नावे झाली होती. शेवटच्या प्रार्थनासभेत आणखी एकाने आपले नाव दिले. त्या शंभरांत जॉन मॉट हा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी होता. पुढे जगातील ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा तो मोठा पुढारी झाला.

आता ही ज्योत इतर कॉलेजांत कशी न्यावी, हा प्रश्न आला. ह्यास एक उदाहरण समोर होते. १८८५ साली इंग्लंडातील केंब्रिजचे सात तरुण चीन देशास मिशनरी म्हणून गेले होते, आणि निघण्यापूर्वी गावोगाव फिरून त्यांनी आपली साक्ष दिली होती. तसेच चार विद्यार्थी अमेरिकेत फिरवावे असे ठरले. चौघांत वायल्डर व मॉट हे होते. परंतु एकामागून एक तिघांस अडचणी आल्या. कोणास घरच्यांनी सोडिले नाही, कोणास शिक्षण पुरे करावयाचे होते. एकटा वायल्डर उरला. आम्हांस वाटते, आमच्या पुष्कळ उपदेशकांस ही स्थिती परिचयाची असेल. सभेत हात वर करणारे पुष्कळ असतात. सकाळी वाटेस लागण्याच्या वेळी मागे वळून पाहावे तो कोणी नाही.

रॉबर्टला एकट्याने जाणे बरे वाटेना. प्रभूने आपल्या शिष्यांस जोडीजोडीनेच पाठविले होते. तेव्हा त्याचा प्रिन्सटनचा मित्र जॉन फोरमन पुढे आला. हाही हिंदुस्थानातील मिशनऱ्याचाच पुत्र; लाहोरचे फोरमन कॉलेज ज्यांच्या नावाने चालते त्या चार्ल्स फोरमन साहेबांचा. सोबती मिळाला, परंतु घरी वडील आजारी होते व ते फार दिवस काढतील असे दिसत नव्हते. त्यांस टाकून कसे जावे? तो प्रश्न मुलाने वडिलांपुढेच ठेविला. वृद्ध वायल्डर साहेबांनी रात्रभर विचार केला की क्षणभर, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु त्यांनी मुलास जाण्याची मोकळीक दिली. ज्यास आपल्या संस्थेने एकदा एकटे सोडिले होते, त्या पित्यास आपल्या मुलाच्या हाकेचा अर्थ चांगला कळत होता.

१८८६ च्या पावसाळ्यानंतर सुमारे वर्षभर हे दोघे मित्र अमेरिका व कॅनडा ह्या देशांतील १६० च्या वर शिक्षणसंस्थांत गेले. आज एका गावी, उद्या दुसऱ्या. दिवसा भेटी, रात्री सभा. दोन हजारांवर तरुण-तरुणींनी परदेशी सेवेचा निश्चय लिहून दिला. ह्यातून १८८८ साली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर स्थापन झाली. पुढील काही दशकांत तिच्यातून वीस हजारांवर माणसे निरनिराळ्या देशांस सेवेकरिता गेली. फोरमन स्वतः हिंदुस्थानात मिशनरी म्हणून आले. मिरजेस दवाखाना उभारणारे डॉक्टर वान्लेस हे १८८९ साली ह्या भागात आले, तेही त्याच पिढीचे होत. आमच्यापैकी ज्यांची आई किंवा मूल त्या दवाखान्यात बरे झाले असेल, त्यांनी ती पिढी परकी समजू नये.

१८८७ साली वडील वारले. हिंदुस्थानात परत यावे ही त्यांची शेवटची इच्छा मनातच राहिली. ती इच्छा त्यांची पत्नी व कन्या ह्यांनी पुरी केली. वृद्ध वायल्डरबाई व ग्रेसबाई कोल्हापुरास परत आल्या. पुढे ग्रेसबाईंनी त्या काळच्या इस्लामपूर गावी खेड्यांतील स्त्रियांकरिता काम उभारिले व आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या त्याच कामात राहिल्या. जिच्या प्रार्थनेतून शंभर व शंभरांतून हजारो निघाले, ती स्वतः कोणत्याही मोठ्या सभेत न दिसता कृष्णाकाठच्या शिवारात बायकांस शास्त्र सांगत व मुलींस अक्षरे शिकवीत राहिली.

रॉबर्टने न्यूयॉर्क येथील सेमिनरीत शिक्षण पुरे केले व १८९१ साली तो हिंदुस्थानास येण्यास निघाला. वाट इंग्लंडावरून होती. तेथे थोडे दिवस थांबून पुढे यावे, असा साधा बेत होता. परंतु ज्यास आपण वाट समजतो ते कधी कधी कामच ठरते. इंग्लंडच्या उत्तरेस डोंगर व तळी ह्यांच्या प्रदेशात केझिक नावाचे गाव आहे. तेथे प्रतिवर्षी ख्रिस्ती लोकांचा मोठा मेळावा भरतो. त्या वर्षी मिशनकार्याच्या सभेत वायल्डरला बोलावयास सांगितले. तो नाव फारसे कोणास ठाऊक नसलेला परदेशी तरुण; त्याने अमेरिकेत काय घडले ते सांगितले. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यास आपापल्या विद्यापीठात येण्याचा आग्रह केला. त्या वर्षीच्या मेळाव्यास ग्लासगोचा डॉनल्ड फ्रेझर नावाचा एक विद्यार्थी आला होता. तो संशयात पडलेला होता, तेथून निश्चय करून गेला, आणि पुढे आफ्रिकेतील न्यासालँड म्हणजे आताच्या मलावी देशात नामांकित मिशनरी झाला.

१८९१-९२ चा तो हिवाळा वायल्डरने ब्रिटनच्या विद्यापीठांत फिरण्यात घालविला. पाठीशी संपत्ती नाही, हाती अधिकार नाही. विद्यार्थ्यांच्याच पाहुणचारावर राहावे, त्यांच्याच खोलीतील शेकोटीजवळ बसून रात्री उशिरापर्यंत बोलावे, असे ते दिवस गेले. त्याची रीत व्याख्यानापेक्षा भेटीची होती. तो एकेकास गाठी, त्याच्या शंका ऐके, व अखेरीस शांतपणे विचारी की, प्रभूने बोलाविले तर तू जाशील काय? काही वडीलधाऱ्यांस ही सही घेण्याची रीत उतावीळपणाची वाटे. तरुण रक्त आज सही करील व उद्या विसरेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे अगदीच खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. कारण सही करणारे सर्वच गेले नाहीत. पुढे त्या कागदाचे शब्दही बदलले. केवळ राजी व उत्सुक असण्याच्या ठिकाणी, देवाने मोकळीक दिल्यास परदेशी सेवेस जाणे हा आपला उद्देश आहे, असे लिहिले जाऊ लागले. इच्छा व उद्देश ह्यांत किती अंतर आहे, हे बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस शिकविणाऱ्या आमच्या उपदेशकांस सांगावयास नको.

२ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरो शहरी, ब्रिटनमधील विद्यार्थ्यांचा स्वयंसेवक मिशनसंघ स्थापन झाला. १८८५ साली केंब्रिजहून निघालेली ठिणगी समुद्रापार अमेरिकेस गेली होती. तीच आता वायल्डरच्या हाती ब्रिटनला परत आली. तीन वर्षांनी, १८९५ साली, स्वीडन देशात व्हाडस्टेना येथे जगातील ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संघांचा एक मोठा संघ झाला. त्या बैठकीत मॉट होता. वायल्डर तेव्हा आमच्या देशात होता.

कारण १८९२ साली, नॉर्वे देशातील हेलेन ओल्सन ह्या बाईंशी विवाह करून, तो एकदाचा हिंदुस्थानास पोहोचला. ज्या कोल्हापूरचे स्वप्न त्याने सोळा-सतरा वर्षे पाहिले ते पुन्हा दृष्टीस पडले. येथून पुढे त्याने पुणे व कलकत्ता येथील शिकलेल्या तरुणांत काम केले व तरुण ख्रिस्ती संघाच्या द्वारे देशभरच्या विद्यार्थ्यांत फिरला. परंतु शरीर साथ देईना. मधून एकदा प्रकृतीकरिता देश सोडावा लागला, पुन्हा येणे झाले. आणि १९०२ साली डॉक्टरांनी ह्या हवेत राहणे अशक्य ठरविले. वय एकोणचाळीस. ज्याने हजारोंस जा असे सांगितले, त्यास स्वतःस राहता येईना.

प्रिय वाचकहो, ह्या ठिकाणी आम्ही थोडे थांबतो. चरित्रे सांगताना देवाच्या सेवकांची प्रत्येक इच्छा पुरी झाली असे दाखविण्याची आपली खोड आहे. वायल्डरची मुख्य इच्छा पुरी झाली नाही. कोल्हापुरात जन्मून कोल्हापूरच्या मातीत सेवा करावी, एवढेच त्याने मागितले होते. त्याच्या बहिणीस ते मिळाले, त्यास मिळाले नाही. आजारी अवस्थेत तो नॉर्वेला गेला. तेथे बरे वाटू लागल्यावर त्याने जे काम हाती घेतले ते हिंदुस्थानातील नव्हे, तर युरोपखंडातीलच होते. ज्या वाटेवरून तो तरुणपणी घाईने निघून येणार होता, तीच वाट त्यास पुढील दहा-बारा वर्षे वाटून दिलेली भूमी ठरली. ब्रिटनमधील विद्यार्थ्यांत व युरोपच्या इतर देशांतील विद्यापीठांत तो पुन्हा फिरला.

आणि तेथेही एक मोठे दुःख त्याची वाट पाहत होते. १९१४ साली महायुद्ध पेटले. ज्या युरोपातील तरुण उन्हाळी मेळाव्यांत एकत्र बसून प्रार्थना करीत, तेच तरुण खंदकांत समोरासमोर उभे राहिले व हजारोंनी मेले. त्या चळवळीची घोषणा अशी होती की, ह्याच पिढीत सर्व जगास शुभवर्तमान कळावे. ती पिढी युद्धात गेली आणि जग तसेच राहिले. असे असताही वायल्डरने काम टाकिले नाही. १९१९ ते १९२७ पर्यंत त्याने अमेरिकेतील स्वयंसेवक चळवळीचे चिटणीसपद सांभाळिले. त्या काळी युद्धाने कडवट झालेले विद्यार्थी जुने शब्द ऐकावयास तयार नव्हते, आणि सही करणारांची संख्या उतरत होती. नंतर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो मिसर देशात कैरो येथे गेला व १९३३ पर्यंत त्या भागातील मिशनांच्या संयुक्त मंडळाचे काम केले. शेवटी नॉर्वेला परतून मार्च १९३८ मध्ये तो प्रभूमध्ये विसावला.

ह्या चरित्रातून आम्ही आमच्या मंडळ्यांपुढे एकच गोष्ट ठेवू इच्छितो. हा मनुष्य कोठेही एकटा गेला नाही. फोरमन मिळेपर्यंत तो थांबला. परक्या देशी गेला तेव्हा तेथील विद्यार्थ्यांस सोबती करून घेतले. आणि जेव्हा दिसणारा सोबती कोणी नव्हता, तेव्हाही बाजूच्या खोलीत ग्रेस होतीच. इस्राएल लोक मैदानात लढत असता मोशेचे हात अहरोन व हूर ह्यांनी धरून ठेविले होते. मैदानातल्या योद्ध्यांस ते दिसत नव्हते. तथापि हात खाली येताच लढाईचा रंग बदले.

मैत्री ही गोष्ट मिशनकार्यात सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. १९१० साली त्याच एडिंबरो शहरी जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. जॉन मॉट अध्यक्षस्थानी होता. तेथे आमच्या देशाचे तरुण सेवक अझरया, जे दोनच वर्षांनी दोर्णकलचे बिशप झाले, ह्यांनी धैर्याने बोलून दाखविले की, परदेशी मिशनरी व देशी सेवक ह्यांच्यात धनी व चाकर असे नाते न राहता खऱ्या मित्रांचे नाते असावे. पुष्कळांस ते बोलणे झोंबले. परंतु आम्हांस ते माऊंट हर्मनच्या रानातील त्या जोड्यांपासून दूरचे वाटत नाही. जी सोबत दोन प्रिन्सटनच्या विद्यार्थ्यांस मिळते ती साहेब व उपदेशक ह्यांस, पाळक व खेड्यातील वडील ह्यांस, शिकलेला व न शिकलेला ह्यांस मिळू नये, असे प्रभूने कोठे सांगितले आहे? साहेबांचे दिवस आता गेले. परंतु आपल्याच मंडळ्यांतील पाळकांनी व पुढाऱ्यांनी त्यांची जागा घेऊन तोच अहंकार चालवावा, हे बरे नव्हे.

आमचे उपदेशक पन्हाळ्याच्या उतारावर, वारणेच्या काठी, कोडोलीच्या आसपासच्या वाड्यांत फिरतात. त्यांची वाट युरोपखंडाएवढी लांब नाही; परंतु एकट्याने चालणारास चार मैलही लांब होतात. म्हणून आमची विनंती अशी आहे की, येत्या आठवड्यात जो उपदेशक एकटा निघत असेल त्याच्याबरोबर मंडळीतील एक भाऊ चालावा. ज्यांचे पाय थकले आहेत, ज्या बहिणींस घर सोडवत नाही, त्यांनी त्या वेळी घरी प्रार्थनेस बसावे व त्याचे नाव घ्यावे. आणि जो कोणी तरुण सेवेकरिता निघून आजारामुळे अथवा घरच्या ओझ्यामुळे मागे राहिला असेल, त्याने वायल्डरची आठवण करावी. मागितलेले शेत मिळाले नाही म्हणून नांगर ठेवावा असे नाही. ज्या वाटेवर आपण अडकलो आहो, तीच बहुधा आपणांस नेमून दिलेले शेत असते.